टक करून बसलेली वायर

आमच्या दादाशी भांडण काढायचं असेल तर फार कष्ट पडत नाहीत. एखादा नवा चार्जर घेऊन त्याच्यासमोर जायचं आणि म्हणायचं, "दादा, हा फक्त याच फोनला चालतो हं." बस्स. पुढचा अर्धा तास आपण मान हलवत उभं राहायचं. कंपन्या, त्यांचे मालक, त्यांचे इंजिनिअर, सगळ्यांचा उद्धार होतो, आणि शेवटी "आणि तू हे विकत घेतलंस?" असं म्हणून आपलाही.

मी त्याची धाकटी बहीण. एका दुकानात आम्ही दोघं बसतो. पुढच्या अर्ध्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि मागच्या अर्ध्यात माझं शिलाई मशीन. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कमरेला सैल करणं. घट्ट करायला फारसं कोणी येत नाही. मधे पडदा आहे, पण तो नावालाच. त्याचं ओरडणं माझ्याकडे येतं आणि माझी बडबड त्याच्याकडे जाते. पन्नाशी उलटली, वजनकाटा मला बघून घाबरतो, तरी तो अजून मला "चिमणे" म्हणूनच हाक मारतो. गिऱ्हाईक इकडेतिकडे चिमणी शोधतं आणि मग पडद्यातून मी बाहेर येते.

त्याचं हे वेड आमच्या बाबांकडून आलं. बाबा नळकाम करायचे. सुट्टीच्या दिवशी दादाला हाताशी घेऊन जायचे आणि तो परत आला की जेवताना तेच तेच सांगायचा. अर्ध्या इंचाचा नळ कुठल्याही दुकानातून आणा, कुठल्याही कारखान्याचा आणा, अर्ध्या इंचाच्या पाइपावर फिरवला की बसतो. नळ करणाऱ्याने पाइप करणाऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं, तरी बसतो! दहा वर्षांचा पोरगा याच्यावर इतका खूश, की आई म्हणायची, याला नळच भेट द्या वाढदिवसाला. बाबांनी खरंच दिला. पितळी होता. तो त्याने उशाशी घेऊन झोपायचा प्रकारही करून पाहिला.

पुढे त्याला कॉम्प्युटरच्या एका कंपनीत नोकरी लागली, सुट्या भागांच्या गोदामात. अकरा वर्षं केली. ती कंपनी दर दोन वर्षांनी आपल्या चार्जरची पिन बदलायची. जुनी गोल असेल तर चपटी, चपटी असेल तर मधेच एक दांडी. वीज तीच, काम तेच, फक्त तोंड वेगळं, म्हणजे लोकांनी नवा घेतलाच पाहिजे. आणि जुने धडधाकट चार्जर पेट्याच्या पेट्या भंगारात. ते भंगारात घालवायचं काम याचं. एकदा मोठे साहेब आले असताना याने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, तुमच्या घरचा नळ बदलला की तुम्ही भिंतीतला पाइपही बदलता का?" झालं. दोन महिन्यांत दादा घरी. त्याच्या बरोबरीचा एक जण मात्र तिथेच राहिला, सांभाळून राहिला, आणि त्याला पुढे त्याच कंपनीचं शोरूम मिळालं. मोठ्या रस्त्यावर, काचेचं, आत गार हवा. आम्ही त्याला शोरूमवाला म्हणतो. एके काळी दोघं एका डब्यात जेवायचे.

आमच्या दुकानात काच नाही, डबे आहेत. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एकतीस. प्रत्येकावर दादाने रंगाने वायरीच्या टोकाचं चित्र काढलंय. चौकोनी टोक, चपटं टोक, कोपरा कापलेलं टोक. नियम एकच: कंपनीचं नाव बघायचं नाही, तोंड बघायचं. ज्याचं तोंड ज्या चित्रासारखं, ती वायर त्या डब्यात. कोणी तुटका प्रिंटर घेऊन आला की दादा एका डब्यात हात घालतो, दुसऱ्या कंपनीची वायर काढतो, टक करून बसवतो आणि प्रिंटर सुरू. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, पण दुकानदार म्हणाला होता हिची दुसरी मिळतच नाही." तेव्हा याचा चेहरा बघावा! जणू लॉटरी लागलीय. पलीकडच्या शाळेत त्याने नऊ कंपन्यांचे अठरा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिलेत. तिथल्या बाईंनी विचारलं, हे एकमेकांशी बोलतात कसे? दादा म्हणाला, "सगळ्यांनी एकदा बसून ठरवलंय, कसं बोलायचं ते. ठरवलेलं उघड लिहून ठेवलंय, कोणीही वाचावं." मी पडद्याआडून म्हटलं, आपल्या घरात कधी ठरायचं म्हणे?

तर आता शेवाळवालीची गोष्ट.

ही पोरगी विद्यापीठात शिकत होती आणि दगडावर शेवाळ कसं वाढतं याचा अभ्यास करत होती. हो, शेवाळाचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग आमच्या न्हाणीघरात ये की, पोटभर अभ्यास कर." ती हसली नाही, खरंच विचारात पडली, न्हाणीघरात ऊन येतं का म्हणाली. टेकडीवरचे चाळीस दगड तिने निवडले होते आणि सहा वर्षं, दर आठवड्याला, त्याच जागेवर उभं राहून त्याच दगडांचे फोटो काढले होते. ताप असताना काढले, बहिणीच्या लग्नादिवशी सकाळी जाऊन काढले. ते सगळे फोटो तिच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या एका डिस्कवर. दुसरीकडे कॉपी करून ठेवायची आहे, ठेवायची आहे असं म्हणत राहून गेलेली. बारा दिवसांत प्रबंध द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं की काहीच होईना.

"काका, फक्त चालू करून द्या," ती म्हणाली. "बाकी काही नको."

दादाने पाहिलं. पॉवर सप्लाय गेला होता. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारी ती पेटी असते ना, ती. डिस्क ठणठणीत. "उद्या संध्याकाळी ने," तो म्हणाला. किरकोळ काम. असली त्याने शेकड्याने केली असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नवी पेटी बसवली. तिच्याबरोबर आलेली वायर डिस्कपर्यंत पोचेना, चार बोटं कमी पडली. दादाने नेहमीप्रमाणे डबा उघडला, तसल्याच तोंडाची लांब वायर काढली. एक टोक डिस्कला, टक. दुसरं टोक पेटीला, टक. मला तो आवाज अजून आठवतो, कारण मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते आणि म्हटलं होतं, झालं वाटतं.

मग बटण दाबल्याचा आवाज आला, आणि लगेच एक वास. इस्त्रीखाली नायलॉन गेल्यावर येतो ना, तसला.

मी पडदा सारला तर दादा नुसता उभा होता. हात तसाच बटणावर. मी म्हटलं, काय झालं? त्याने मीटर काढला, वायरीचं पेटीकडचं टोक तपासलं, मग पेटीबरोबर आलेली आखूड वायर तपासली, पुन्हा पहिली. तीनदा. आणि स्टुलावर बसला.

मला त्याने नंतर समजावलं ते असं. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्या जगात सारखं. कुठल्या पिनेत किती वीज, ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, छापलंय. पण वायरीचं दुसरं टोक, जे पेटीत जातं, त्याचं कोणी काही ठरवलेलंच नाही. आकार तेवढा सारखा. आत बारा व्होल्ट कुठे आणि पाच कुठे, हे प्रत्येक पेटीवाला आपल्या मर्जीने ठेवतो. वायर टक करून बसते आणि पाचाच्या जागी बारा पाठवते. इतकी वर्षं दादाला हे नडलं नव्हतं, कारण तेव्हाच्या पेट्यांना वायरी आतूनच कायमच्या जोडलेल्या असायच्या. या नव्या, सुट्या वायरींच्या पेट्या. त्याने डबा भरताना तोंड पाहिलं आणि कंपनीचं नाव पाहिलं नाही. त्याचा नियमच होता तो.

"चिमणे," तो म्हणाला, "सहा वर्षं जाळली मी त्या पोरीची."

आता मी काय म्हणाले ते सांगते, लपवत नाही. मी म्हणाले, "गप्प बस. डिस्क जुनी होती. जुन्या डिस्का जातात. तिला तसं सांग." मला त्याची काळजी होती हो! दुकानाची अब्रू होती. तिला कोण सांगणार होतं? तिला काय कळणार होतं?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पडद्याआड गेले. आणि मला फोनवर त्याचा आवाज ऐकू आला, "बेटा, दुकानात ये. तुझी डिस्क माझ्या हातून जळली."

ती वीस मिनिटांत आली. दादाने तिला बसवलं, दोन्ही वायरी समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, कुठे चुकलं, का चुकलं, काहीही मऊ न करता. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिने ती लांब वायर उचलून उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मी फक्त चालू करून द्या म्हटलं होतं."

"हो."

"दगड आहेत अजून. पण सहा वर्षं मागे जाऊन फोटो कसे काढू मी?"

मी पाणी नेऊन दिलं, तिने घेतलं नाही. थोड्या वेळाने दादा हळूच म्हणाला, "आतल्या तबकड्या, ज्यावर फोटो असतात, त्या बहुतेक शाबूत आहेत. जळलीय ती खालची हिरवी पट्टी. तशीच दुसरी मिळाली तर काही होऊ शकेल. वचन देत नाही. पण डिस्क टाकू नकोस, माझ्याकडे ठेव."

"ठेवा," ती उठत म्हणाली. "आता जळायचं काय राहिलंय?"

नंतरचे पाच दिवस दादा नीट जेवला नाही. डिस्क त्याच मॉडेलची हवी, पट्टीवरचा आकडा शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा, आणि ते मॉडेल बंद होऊन चार वर्षं झालेली. मोठ्या शहरात असलं काम करणारे होते, ते म्हणाले सहा आठवडे. तिच्याकडे उरले होते सात दिवस. दादाने ओळखीच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांना फोन लावले. प्रत्येकाला आधी सांगायचा, "माझ्या हातून जळली," आणि मग विचारायचा. मी म्हटलं, अरे, नुसतं विचार ना, कबुलीजबाब कशाला? तर म्हणे, त्यांच्याही डब्यात तसल्या वायरी असतील, त्यांना नको कळायला? काही जण हसले. "दादा, तू? तुझ्या हातून?" एक तर फोन ठेवायलाच तयार नव्हता, इतका खूश झाला होता.

शेवटी एका घाऊक विक्रेत्याने सांगितलं, त्या मॉडेलचा अखेरचा माल शोरूमवाल्याने उचलला होता.

आता या दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारण काय, तर पूर्वी एकदा दादा शोरूममध्ये शिरला होता आणि काउंटरवर पैसे काढत असलेल्या गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "घेऊ नका. हा मशीन विकत नाही, सोयरीक लावून देतो. जन्मभर यांचीच वायर, यांचाच प्रिंटर, यांचाच चार्जर." गिऱ्हाईक निघून गेलं. तेव्हापासून अबोला. आणि आता त्याच्याच दारात जायचं! मी बरोबर गेले. एकटा पाठवला असता तर तिथेही त्याने काही बोलून ठेवलं असतं.

पण तो काही वाकडं बोलला नाही. शोरूममध्ये दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच म्हणाला, "माझ्या हातून एका मुलीची डिस्क जळली. सुटी वायर दुसऱ्या कंपनीच्या पेटीला लावली. मला पट्टी हवी आहे. हे मॉडेल."

मी मनाची तयारी केली होती, आता हा चांगला फैलावर घेणार. शोरूमवाल्याचा चेहरा मात्र उतरला. त्याने आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, कपाटाचा खालचा खण ओढला. आत दोन डिस्का होत्या. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, नाव आणि फोन नंबर.

"माझ्याही हातून झालंय," तो म्हणाला. "अगदी असंच. दोनदा. दुसऱ्यांदा कळलं कशामुळे होतं ते."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

दादाचा आवाज चढला. "आणि तू बोलला नाहीस? अरे, एक शब्द टाकला असतास तर मी ती वायर लावली असती का? त्या पोरीची सहा वर्षं..."

"कोणाला सांगणार होतो? तुला?" तोही चिडला. "तू गावभर केलं असतंस! दुकानाबाहेर फळा लावला असतास, शोरूमवाल्याने डिस्का जाळल्या म्हणून. नसतास लावला? खरं सांग."

मी दादाकडे पाहिलं. लावला असता हो. रंगीत खडूने लावला असता, आणि मी खडू आणून दिला असता.

मग दादा म्हणाला, "लावला असता. चुकलो असतो." तो असं कधी म्हणत नाही. मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. "त्यांना काय सांगितलंस?"

"डिस्क जुनी होती म्हणालो. आपोआप गेली."

माझे कान तापले. माझंच वाक्य होतं ते.

गोदामात तसली डिस्क उरली नव्हती. एकच होती आणि ती शोरूमच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये फिरत होती. शोरूमवाल्याने फार विचार केला नाही. बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं, आज बिलं होणार नाहीत, उद्या या. डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं, डिस्क काढली, उलटी करून आकडा वाचला. दादाने आपल्या कागदावरचा वाचला. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"मीही येतो," शोरूमवाला म्हणाला. "बघायचंय मला."

नुसती पट्टी बदलून भागत नाही. पट्टीवर आठ पायांची एक चिप असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. त्या एका डिस्कच्या सगळ्या खाणाखुणा तिच्यात लिहिलेल्या. जळक्या पट्टीवरची ती चिप उचलून नव्या पट्टीवर बसवायची. पाय मोडला की खेळ खलास. दादाने शेवाळवालीला बोलावून घेतलं. म्हणाला, तिच्या डिस्कवर काही करायचं तर तिच्यासमोरच. मग गरम हवेची नळी हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं, त्याचा हात थरथरतोय. पाच दिवसांची झोप नाही, जेवण नाही, वर ती पोरगी समोर बसलेली. त्याने नळी खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

शोरूमवाला म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. माझ्या चष्म्याला तो दाणाच दिसत नाहीये."

"चिमणे," दादा म्हणाला.

"काय चिमणे! मला काय कळतं त्यातलं?"

"तू काळ्या कापडावर काळा दोरा उसवतेस. हे त्याहून सोपं आहे. मी सांगतो तसं कर."

शेवाळवाली माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "पोरी, बिघडलं तर?" ती म्हणाली, "मावशी, करा तुम्ही. काकांनी सांगितलं तर करा." तिच्या मनात त्याच्याबद्दल एवढा विश्वास अजून शिल्लक होता, हे बघून मला भडभडून आलं. पण रडायला वेळ नव्हता. मी हात पुसले, चिमटा घेतला. दादा कानाशी बोलत होता, "हवा फिरवत राहा, एका जागी नको. आता थांब. ढकलू नकोस. ती आपणहून सुटेल." आणि सुटली. टाका तुटल्यावर जुनी शिवण सुटते तशी, अलगद. दुसऱ्या पट्टीवर ठेवताना एक पाय किंचित वाकडा बसला तेव्हा शोरूमवाल्याने "आई गं" म्हटलं आणि मी त्याला गप्प राहायला सांगितलं. नीट शब्दांत नाही सांगितलं.

स्क्रू दादाने लावले. या वेळी वायर लावण्याआधी त्याने प्रत्येक पिन मीटरने मोजली. दोनदा त्याने, एकदा शोरूमवाल्याने, आणि मग शेवाळवालीच्या हातात मीटर देऊन तिलाही आकडा वाचायला लावला. बटण तिनेच दाबलं.

डिस्क फिरायला लागली. बारीक घरघर. मग थांबली की काय असं वाटलं, आणि स्क्रीनवर फोल्डर उमटले. दगड एक, दगड दोन, दगड तीन. तिने एक उघडला. हिरवा-करडा दगड, कोपऱ्यात तारीख. पुढचा. पुढचा. तोच दगड, बोटभर जास्त हिरवा. मला काही कळत नाही त्यातलं, पण मी डोळे फाडून बघत होते.

दादाने लगेच सगळं दोन नव्या डिस्कांवर उतरवायला लावलं आणि तिला दम भरला, एक तू ने, एक तुझ्या आईकडे ठेव, घरी गेलीस की हलगर्जीपणा करशील. ती मान हलवत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती म्हणाली, "काका, तुमचा फोन आला नसता, नुसतं गेली म्हणाला असता, तर मी ही डिस्क त्याच दिवशी कचऱ्यात टाकली असती. मग पट्टी मिळून काय उपयोग होता?"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. ती सरळ मनाने बोलली. पण मी मान खाली घातली, आणि शोरूमवाला दारात उभा होता तो बाहेर रस्त्याकडे बघायला लागला. थोड्या वेळाने न सांगता निघून गेला.

तिने प्रबंध वेळेत दिला. त्या संध्याकाळी दादा दोन ताटं जेवला.

चार दिवसांनी शोरूमवाला आमच्या दुकानात आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्या दोन डिस्का. स्टुलावर बसला. "पट्ट्या शोधायला मदत करशील?" दादाला म्हणाला.

"करीन. पण आधी त्यांना सांग. त्यांची वस्तू आहे. त्यांना न विचारता आपण हात कसा लावायचा?"

"सापडल्या, दुरुस्त झाल्या, की मग सांगतो ना."

"नाही झाल्या तर?"

शोरूमवाल्याने खिशातून फोन काढला, चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून पहिला नंबर लावला. तो बंद झाला होता. दुसरा नंबर लावण्याआधी त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. दादा म्हणाला, "मी बोलू का?"

"नको. हे माझं आहे."

रिंग जात होती. मी मशीन थांबवलं. पलीकडून एका बाईचा आवाज आला, दुकान एवढंसं, सगळं ऐकू येत होतं. त्याने नाव सांगितलं, शोरूमचं नाव सांगितलं. तिला पटकन आठवेना. मग तो म्हणाला, "बाई, तीन वर्षांपूर्वी तुमची डिस्क माझ्याकडे आली होती. तुमच्या मुलाचे लहानपणचे फोटो होते त्यात. डिस्क जुनी होती, आपोआप गेली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं." त्याने पिशवीतली डिस्क हातात घेतली. "ते खोटं होतं. माझ्या हातून जळली ती. मी टाकली नाही. अजून आहे माझ्याकडे. फोटो मिळतीलच असं नाही, पण मिळू शकतील."

तिने फोन ठेवला असं मला वाटलं. शोरूमवाल्यालाही वाटलं, त्याने फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा लावला.

"कुठे आहात तुम्ही?" ती बाई म्हणाली. "आत्ता कुठे आहात?"

त्याने आमच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

"मी येते. त्याला शाळेतून घेते आणि तशीच येते. दुकान बंद करू नका."